भांडायचं राहून गेलेल्या बहिणी

माझ्या धाकट्या बहिणीशी मी चोवीस वर्षांत एकदाही भांडले नव्हते, आणि ही गोष्ट मी लोकांना मिरवून सांगत असे. लोकही डोळे मोठे करून म्हणत, "किती छान!" आमच्या घरात याच्या अगदी उलट नमुना म्हणजे माझा नवरा. तो पुण्याचा, आणि त्याचा भाऊ त्याच्याहून तेरा महिन्यांनी लहान. लहानपणी बॅटचा दांडा कोणी मोडला यावर दोघांचं चाळिशीतही एकमत झालेलं नाही. एकदा फोनवर दोघांची अशी जुंपली की शेजारच्या बाईंनी मला लिफ्टमध्ये गाठून हळूच विचारलं, घरात काही कोर्टाचं प्रकरण चालू आहे का. आणि त्याच दिवशी, फोन आपटून पाच मिनिटं होतात न होतात तोच, नवऱ्यानं पुन्हा फोन लावला. "बरं, तुझ्या गुडघ्याचं काय म्हणाला डॉक्टर?" मी तव्यासमोर उभी राहून ऐकत होते. मला इतका हेवा वाटला की पोळी करपली.

मी नागपूरची. दहावीत होते तेव्हा एके दिवशी आईनं मला समोर बसवून सांगितलं की तुला भाऊ किंवा बहीण होणार आहे. माझ्यावर आभाळ कोसळलं. वर्गातल्या मैत्रिणींना मी पाच महिने काही कळू दिलं नाही, आणि कळलं तेव्हा म्हटलं, काकूंना होणार आहे. मग ती झाली. लाल, सुरकुतलेली, सतत बोंबलणारी. तिसऱ्या दिवशी तिनं माझं बोट धरलं आणि मी सपशेल शरण गेले. पण अठराव्या वर्षी मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेले, तेव्हा ती तीन वर्षांची होती. पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला आले. नागपूर मग दिवाळीत आठ दिवस आणि उन्हाळ्यात आठ दिवस, एवढंच उरलं.

या आठ दिवसांत मी घरची नव्हते, पाहुणी होते. आई माझ्यासाठी काचेचे कप काढायची. धाकटीला नवा फ्रॉक घालून, दोन वेण्या घालून सोफ्याच्या कडेला बसवलेलं असायचं, आणि "ताईला कविता म्हणून दाखव" म्हटलं की ती उभी राहून, हात मागे बांधून, अख्खी कविता म्हणायची आणि शेवटी वाकून नमस्कार करायची. मी टाळ्या वाजवायचे. मी आणलेला फ्रॉक तिला हमखास लहान व्हायचा, कारण माझ्या डोक्यात ती दर वेळी मागच्या सुट्टीएवढीच राहिलेली असायची. ती तो कसाबसा अंगात घुसवून म्हणायची, "छान आहे, ताई." काखेत शिवण उसवलेली असायची.

तर अशी ही बहीण मोठी झाली, इंजिनिअर झाली आणि गेल्या वर्षी तिला बेंगळुरूत नोकरी लागली. ऑफिस के. आर. पुरमच्या बाजूला. तिनं फोनवर सांगितलं, "ताई, पंधरा दिवस तुझ्याकडे राहते. मग तिकडेच पीजी बघीन." मी एचएसआर लेआउटमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नाचायचीच बाकी होते. नवी चादर आणली. तिच्या खोलीत आरसा लावला. नवरा म्हणाला, "अगं, बहीण येतेय की जावई?" त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

पहिल्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मी फ्रिज उघडू का?"

मी हो म्हटलं. सख्खी बहीण फ्रिज उघडायला परवानगी मागते? त्यानंतर मी बघायलाच लागले. ती स्वतःचा कप विसळून ठेवी. पांघरुणाची घडी इतकी चोख घाली, जणू हॉटेल सोडून निघालीय. टीव्हीचा रिमोट दोन हातांनी माझ्यापुढे करी. त्यात तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या दर्शिनीत इडली खायला गेलो, तर गल्ल्यावरचे गृहस्थ प्रेमानं म्हणाले, "अम्मा, मगळिगे इन्नोंदु वडे?" म्हणजे मुलीला अजून एक वडा हवा का. ती खुदकन हसली. मी त्याच संध्याकाळी केस रंगवून घेतले.

मला काय हवं होतं ते मी स्वतःशी स्पष्ट मान्य केलं. मला आदर नको होता, कौतुक नको होतं, पांघरुणाची घडी तर अजिबात नको होती. पंधरा दिवसांत ही मुलगी माझी बहीण झाली पाहिजे, नाहीतर ती पीजीत जाईल आणि मग आयुष्यभर आम्ही एकमेकींना वाढदिवसाचे निरोप पाठवत राहू, हे मला लख्ख दिसत होतं. आणि बहीण झाल्याची खूण माझ्या लेखी एकच होती. तिनं माझ्याशी कडाडून भांडायला हवं होतं.

मी नवऱ्याचा सल्ला घेतला. त्याचा अनुभव दांडगा. तो म्हणाला, "ठरवून भांडण होत नसतं गं. पण सुरुवात खाण्यापासून कर. तिथं माणूस लवकर पेटतो."

आईनं तिच्याबरोबर संत्रा बर्फीचा डबा पाठवला होता. शेवटचे चार तुकडे उरले होते. मी ते चारही तिच्या डोळ्यांसमोर, एकामागून एक, तिला न विचारता खाल्ले. चौथा तर मला जाईना, पण मी नेटानं गिळला. ती म्हणाली, "बरं झालं संपली. पडून खराब झाली असती."

मग मी तिचा पिवळा कुर्ता घातला. आमच्यात पंधरा वर्षांचं अंतर, त्यामुळे मोठीचे कपडे धाकटीला हा प्रकार आमच्या घरी कधी झालाच नव्हता. माझे फ्रॉक मामेबहिणीकडे गेले होते. म्हटलं, आता धाकटीचे मोठीला. कुर्ता दंडात इतका घट्ट होता की ऑफिसात मला दिवसभर हात वर करता आला नाही. वर सांबार सांडलं. घरी येऊन मी मुद्दाम तो डाग तिच्यासमोर धरला. "जाऊ दे ना ताई, जुनाच होता," ती म्हणाली. जुना कसला! त्याचं लेबल मीच सकाळी कात्रीनं कापलं होतं.

शेवटचा उपाय म्हणून, ती फोनवर जी मालिका रोज जीव मुठीत धरून बघत होती, तिच्यात खुनी कोण हे मी तिला सांगून टाकलं. माझ्या भावानं मला असं सांगितलं असतं तर, म्हणजे मला भाऊ असता तर, मी त्याचं डोकं फोडलं असतं. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "अरे वा. मग उरलेले भाग बघायला नको. वेळ वाचला."

नवरा आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसत होता.

अकराव्या दिवशी तिला पीजी सापडला. के. आर. पुरमच्या स्टेशनपासून दहा मिनिटांवर, घरमालकीणबाई खालीच राहणाऱ्या, वर सात-आठ मुली. तिनं गावातली ओळखीची व्यक्ती म्हणून माझा नंबर दिला होता, आणि त्या बाईंचा मला फोन आला. सगळ्या त्यांना अक्का म्हणत. अक्का हिंदी आणि कन्नड मिसळून बोलत होत्या, माझंही कन्नड स्वल्प स्वल्पच, पण आमचं छान जमलं. मुलगी कशी आहे, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

आता इथं मी "चांगली आहे" म्हणून फोन ठेवायला हवा होता. पण मला एकदम रडू आलं. चार दिवसांत ही जाणार, तीही घडी घालून, आभार मानून. तिला खोली मिळालीच नाही तर अजून महिनाभर तरी राहील, असा विचार मनात आला आणि तोंडातून बाहेरही पडला.

"मुलगी चांगलीच आहे हो अक्का," मी म्हटलं. "फक्त एक आहे. ती रोज पहाटे पाचला उठते आणि शंख वाजवते. मोठ्यानं. पाऊण तास."

हे मला कुठून सुचलं, देव जाणे. झालं आपलं काम, असं मला वाटलं.

"अय्यो देवरे!" अक्का म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चिरकला. त्यांचे यजमान रोज पहाटे शंख वाजवायचे. ते जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून घरात शंखाचा आवाज नाही. वरच्या एकाही मुलीला देवाचं काही येत नाही, सगळ्या नऊला उठतात. आणि आज ही अशी मुलगी! देवघराला लागून खिडकीची खोली आहे, ती तिचीच. दुसऱ्या कोणाला देणार नाही. "सरी ना? नक्की पाठवा हं!"

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मग हे सगळं बहिणीला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं, परवा सांगू म्हटलं, आणि शनिवारी ती कागदपत्रं द्यायला एकटीच के. आर. पुरमला गेली.

संध्याकाळी पाचला बेल वाजली. बेल कसली, कोणीतरी बोट तिथंच ठेवून उभं होतं. मी दार उघडलं. तिनं एक चप्पल इकडे फेकली, दुसरी तिकडे. सरळ स्वयंपाकघरात गेली, कोणाला न विचारता धाडकन फ्रिज उघडला, बाटली तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायली आणि बाटली तशीच ओट्यावर आपटली. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले.

"तू त्या बाईला काय सांगितलं?" ती ओरडली. "काय सांगितलं तू?"

मी काही बोलण्याआधी तिनंच सगळं सांगितलं. अक्कांनी शंख धुऊन, रेशमी कापडावर ठेवला होता. निरांजन लावलं होतं. वरच्या सगळ्या मुली खाली बोलावल्या होत्या, त्यातली एक मोबाइलवर शूटिंग करत होती. आणि अक्का हात जोडून उभ्या.

"मी फुंकला ना तो! काय निघालं माहीत आहे? थुंकी! दुसऱ्यांदा फुंकला तर खालचं कुत्रं भुंकायला लागलं. अक्का म्हणते, प्रवासानं घसा बसला असेल, आणि मला हळदीचं दूध पाजलं!"

"मग खरं सांगून टाकायचं," मी म्हटलं.

"कसं सांगू? त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं! नवऱ्याचा शंख आहे तो! आता मला शंख शिकावा लागेल ताई, मी इंजिनिअर आहे! तू हसून काय राहिली? ए, हसून काय राहिली तू?"

मी हसत होते, कारण मला आवरतच नव्हतं. पण तिला ते कुठं माहीत! ती आणखी भडकली आणि मग जे काय बाहेर पडलं ते शंखाचं नव्हतं. फ्रॉक! एकही फ्रॉक कधी मापाचा आणला नाही. फोन केला की एकच प्रश्न, अभ्यास कसा चालू आहे. एकदा तरी विचारलं का, तुझी मैत्रीण कोण, तू कशाला घाबरते? दर सुट्टीत कविता म्हणायला लावली, तिला त्या कवितांचा तिटकारा होता. आणि तो कुर्ता! तो नवा होता, पहिल्या नोकरीसाठी घेतलेला होता! आणि बर्फी! चार तुकडे! "आणि खुनी कोण ते सांगितलं! कोणी सांगतं का बे?"

आता माझंही रक्त नागपूरचंच. मी कंबर कसली. "आणि मी काय कमी केलं? तुझा पाळणा एका हातानं हलवत मी दहावीचा इतिहास पाठ केला! इतिहासात माझे मार्क गेले ते तुझ्यामुळं!"

"मी सांगितलं होतं का मला जन्माला घाला म्हणून?"

"मी तरी कुठं सांगितलं होतं!"

नवरा कच्च्या चिवड्याची वाटी घेऊन दारात उभा होता आणि मॅच बघावी तसा एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. मध्ये त्यानं मला नजरेनंच शाबासकी दिली.

शेवटी तिनं फोन काढला आणि आईला लावला. "आई, हिला सांग काहीतरी!" मी तो हिसकावून घेतला. "आई, तिचं ऐकू नको!" मग तिनं परत ओढला. आईला आधी वाटलं कोणाला तरी अपघात झाला. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं.

"तुम्ही भांडून राहिल्या?" तिनं विचारलं. "खरंच भांडून राहिल्या?" आणि तिनं बाबांना हाक मारली. "अहो, लवकर या! पोरी भांडून राहिल्या!" फोन स्पीकरवर टाकल्याचा आवाज आला. बाबांनी खुर्ची ओढल्याचाही आला. आम्ही दोघी एकदम बोलायला लागलो, आणि तिकडून ती दोघं एकही शब्द न बोलता, मन लावून ऐकत होती. जरा दम घ्यायला थांबलो तर बाबा म्हणाले, "बर्फीचं काय झालं म्हणे?" मग मात्र आम्हा दोघींना हसू फुटलं आणि फोन ठेवावा लागला.

नवरा चहा टाकायला गेला. आम्ही स्वयंपाकघरात फरशीवरच बसलो होतो, फ्रिजला टेकून, घसे बसलेले. मी तिला विचारलं, "इतकं सगळं मनात होतं, तर इतक्या वर्षांत एकदाही का नाही भांडलीस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अगदीच खुळचट प्रश्न विचारला होता.

"कधी भांडणार, ताई? तू आठ दिवसांसाठी यायची. एक दिवस तुझा येण्यात जायचा, एक सामान भरण्यात. उरायचे सहा. मी बोटांवर मोजायची. त्यातला एक दिवस भांडून फुकट घालवायला मी वेडी होती का?"

मी समजत होते की ती मला परकी मानते, म्हणून भांडत नाही. मी पंधरा दिवस तिला चिडवायला धडपडत होते, आणि ती वयाच्या तीन वर्षांपासून सहा दिवस जपून वापरत होती. काखेत उसवलेला फ्रॉक घालून "छान आहे, ताई" म्हणणारी ती पोर माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली आणि मी ढसाढसा रडले. तिनं घाबरून माझ्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाली, "पण तू चूकच केली हं. शंखाचं मी विसरणार नाही."

ती पीजीत गेलीच. मी थांब म्हटलं नाही, आणि तिनंही थांबू का असं विचारलं नाही. अक्कांना मी स्वतः जाऊन सगळं खरं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण केलं होतं, निस्तरायला मीच हवी होते. अक्का म्हणाल्या, बरं, येत नाही तर येत नाही, मीच शिकवीन. आता ती पहाटे पाचला उठवली जाते आणि मला सव्वापाचला तिचा शिव्यांचा निरोप येतो. गेल्या आठवड्यात म्हणे शंखातून पहिल्यांदा खराखुरा आवाज निघाला. वरच्या सातही मुली जाग्या झाल्या. त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं आहे.

परवाच्या शनिवारी ती घरी आली. सकाळी पोह्यांवर तर्री घालायची की नाही यावरून आमचं वाजलं. तिथून गाडी आरशावर गेली, आरशावरून आईनं लाड कोणाचे जास्त केले यावर. अकरा वाजता आम्ही बोलणं बंद केलं. दोघी दोन खोल्यांत बसलो. बाहेर जेवायला जायचं ठरलं होतं, गेलो नाही. तिला देवनहळ्ळीचा किल्ला दाखवायचा होता, तोही राहिला. नवरा जेवणाच्या दोन थाळ्या दोन खोल्यांत पोचवत होता. संध्याकाळी सहाला ती दार आपटून निघून गेली. अख्खा दिवस फुकट गेला होता आणि मला त्याची जराही हळहळ वाटली नाही. रविवारी सकाळी साडेनऊला ती पुन्हा दारात होती, आणि कालचं वाक्य तिनं जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं सुरू केलं.